स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप: दुरुस्त करायचा की बदलायचा? आधी हिंज बघा

गोव्यातल्या साखळी गावच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: २०१८ साली शाळा सुरू होताना ५२ हजारांना घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप आहे. इंटेलचा आय५ प्रोसेसर, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. गेल्या आठवड्यात सकाळी उघडला तर स्क्रीनच्या डाव्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि बाकीच्या भागात उभ्या रेघा. रात्री कुणीतरी वर काहीतरी ठेवलं असणार असं त्यांना वाटतं. दुकानात स्क्रीनचे साडेसहा हजार सांगितले. मुलगा म्हणतो, एवढ्या जुन्यावर पैसे घालू नकोस, नवा घे. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, मराठी टायपिंग एवढंच काम. आठवड्यातून दोनदा शाळेत न्यावा लागतो. सोबत एक फोटो आहे.

बाई (शिक्षिका म्हटल्यावर माझ्या तोंडून बाईच येतं), वर कुणी काही ठेवलं नसावं. घरच्यांना उगाच बोलू नका. तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. काच फुटण्याच्या, माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसणाऱ्या, दोन तऱ्हा आहेत. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला आणि झाकण मिटलं, तर तडा मधेच कुठेतरी पडतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा, एका बिंदूतून चहूकडे. तुमचा तडा खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरका वर गेलाय. आणि त्याच कोपऱ्यात स्क्रीनभोवतीची काळी प्लॅस्टिकची चौकट पाठीपासून सुटलेली दिसतेय, नख आत जाईल एवढी. ही हिंजची, म्हणजे झाकणाच्या बिजागरीची, करामत आहे. तुम्हीच लिहिलंय की गेल्या पावसाळ्यापासून झाकण उघडताना ‘कट’ असा आवाज यायचा. तो आवाज म्हणजे सूचना होती, पण ती कुणालाच कळत नाही. माझ्या बायकोच्या लॅपटॉपला तो आवाज यायचा तेव्हा मलाही कळली नव्हती.

आत काय होतं ते सांगतो, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर आहे. हिंज असते पोलादाची. पण ती जिथे स्क्रूनं बसते ते झाकण प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू थेट धरत नाही, म्हणून पितळेचे छोटे नट त्यात गरम करून रुतवलेले असतात, चण्याएवढेसुद्धा नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि समुद्र जवळ असेल तर वर्षभर खारा वारा. हिंजच्या दांड्यावरचं ग्रीस सुकतं, बारीक गंज धरतो आणि ती घट्ट होत जाते. मग झाकण उघडताना जो जोर बिजागरीनं घ्यायचा तो पितळेच्या नटांवर येतो. एक दिवस एक नट उपटतो. दुसरा काही आठवडे तग धरतो. तोही सुटला की झाकण उघडताना हिंजचा मोकळा हात पाठीऐवजी पॅनलच्या, म्हणजे खुद्द स्क्रीनच्या, कोपऱ्याला रेटतो. पॅनलच्या आत दोन काचा असतात, एकेक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, मधे द्रव. ती काच किती सोसणार?

म्हणून साडेसहा हजारांत नुसती स्क्रीन बदलून देणारा दुकानदार तुम्हाला फसवत नसला तरी अर्धंच काम सांगतोय. पुष्कळदा तो आपण विचारतो तेवढंच उत्तर देतो: स्क्रीनचे किती? स्क्रीनचे इतके. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही हेच करायचो. पेडण्याच्या एका कॉलेजच्या मुलाला मी नवं पॅनल लावून दिलं, हिंज ‘जरा घट्ट आहे’ म्हणून सोडून दिली. दोन महिन्यांत तोच कोपरा, तशीच तिरकी चीर. त्या पोराचा चेहरा बघून दुसरं पॅनल मी पदरचं घातलं. तेव्हापासून कुठलीही फुटकी स्क्रीन टेबलावर आली की मी पहिल्यांदा हिंज बघतो, मग स्क्रीन.

आता तुमच्या लॅपटॉपची हिंज नक्की कुठे सुटलीय, हा मुद्द्याचा प्रश्न. हिंजला दोन टोकं असतात. एक झाकणात, एक कीबोर्डखालच्या अंगात. आमच्या धंद्यात लॅपटॉपच्या अंगाला ए, बी, सी, डी म्हणतात: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड आणि टचपॅड असलेला भाग, डी म्हणजे तळ. झाकणाकडचं टोक सुटलं असेल तर ए, बी आणि दोन्ही हिंज असा ‘एबीएच’ सेट मिळतो, बऱ्याच चालत्या मॉडेलचा. माझ्याकडे तो अडीच ते तीन हजारांत बसतो. स्क्रीन बदलताना झाकण तसंही उघडावंच लागतं, त्यामुळे मजुरी वेगळी फारशी लागत नाही. पण खालचं, सी कडचं टोक उपटलं असेल तर अख्खा लॅपटॉप रिकामा करून नव्या अंगात भरावा लागतो. बोर्ड, पंखा, स्पीकर, सगळं. काही मॉडेलांत कीबोर्ड सी पॅनललाच वितळवून चिकटवलेला असतो, मग तोही नवा. तिथे तीन-चार हजार आणखी चढतात आणि हिशोब उलटतो.

हे घरी बघता येईल. लॅपटॉप टेबलाच्या कडेला ठेवा, डोळे हिंजच्या पातळीला आणा आणि झाकण दोन्ही हातांनी, मधोमध नाही तर दोन्ही कोपऱ्यांना धरून, बोटभरच हलवा. चौकट आणि पाठ एकमेकांपासून तोंड उघडत असतील तर वरचं टोक. कीबोर्डच्या वरची पट्टी उचलली जात असेल किंवा तळाला हिंजपाशी फट पडत असेल तर खालचं. जास्त हलवू नका, जी काच शिल्लक आहे तिच्यावर तुमचा डेटा अजून दिसतोय. फोटोवरून मला वरचं टोक वाटतं, पण फोटोवर मी पैज लावणार नाही.

कुठे चिकटपट्टी, कुठे एपॉक्सी लावून ‘हिंज रिपेअर’ तीनशे-चारशेत करून देतात. झाकण नवीन मिळतच नाही अशा मॉडेलला मीही करतो, पण आधी घट्ट झालेल्या हिंजचा नट थोडा सैल करून. घट्ट हिंजवर एपॉक्सी लावली तर पुढच्या वेळी ती प्लॅस्टिकचा मोठा तुकडा घेऊनच उपटते.

दुसरी तपासणी हॉलमधल्या टीव्हीवर. एचडीएमआय केबल लावा, कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं की पहिलं काम: सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. निर्णय काहीही होवो, हे आधी. मग लॅपटॉप दोन-तीन तास टीव्हीवरच वापरा. लोकांना वाटतं ही चाचणी स्क्रीनसाठी आहे. तुमच्या स्क्रीनला आता कसली चाचणी, ती फुटलीच आहे. ही चाचणी बाकीच्या यंत्राची. व्हिडिओ चालवा, प्रश्नपत्रिका टाइप करा, तिन्ही यूएसबी पोर्ट लावून बघा, चार्जरची पिन थोडी हलवून बघा. चार्जिंग एका विशिष्ट कोनातच होतंय, पोर्ट कधी चालतो कधी नाही, काही अक्षरं उठत नाहीत, मधेच बंद पडतो, असं काही आढळलं तर दोष स्क्रीनपुरता नाही, बोर्डावर ओल पोचलेली असू शकते. टीव्हीवरही रेघा दिसल्या तर ग्राफिक्सचा दोष. दोन्हीत नव्या स्क्रीनवर एक रुपया घालू नका. तेवढ्यात टचपॅडही बघा: तो वर फुगल्यासारखा, क्लिक न होणारा वाटत असेल तर खाली बॅटरी फुगलीय. ती आधी काढून घ्या, चार्जिंगला अजिबात लावू नका, आणि स्वतः टोचून-दाबून बघू नका.

ज्यांची काच फुटलेली नाही पण चित्र गडबडतंय त्यांच्यासाठी एवढंच: झाकण मागेपुढे करताना रेघा येत-जात असतील तर बहुधा केबल, हजाराच्या आत काम. स्क्रीन काळी पण टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसतंय तर मागचा उजेड गेलाय, पॅनल बदलण्याआधी बोर्डावरचा फ्यूज तपासून घ्या.

आता वयाचं. मुलगा ‘जुना’ म्हणतो ते वर्षांवरून. मी पिढीवरून बघतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, सातवीतले अगदी थोडे अपवाद सोडून. तुमचा लॅपटॉप या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला आहे, अगदी उंबरठ्यावर. सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचं नाव बघा: आय५-८२५०यू असं काही असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. याच पिढीत लॅपटॉपच्या आय५ ला दोनाऐवजी चार कोअर आले. सातवीच्या आय५-७२००यू मध्ये दोनच होते. म्हणजे २०१७ चा आणि २०१८ चा लॅपटॉप दिसायला जुळे भाऊ, पण आत फरक मोठा. तुमचा सातव्या पिढीचा असता तर हे उत्तर मी इथेच संपवलं असतं: फायली काढा आणि दुसरा बघा. विंडोज ११ टाकताना ‘टीपीएम नाही’ असा निरोप आला तर घाबरू नका. टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ती नुसती बंद असते.

लॅपटॉप हळू चालतो असंही तुम्ही लिहिलंय. त्याला प्रोसेसर जबाबदार नाही, ती फिरणारी हार्ड डिस्क जबाबदार. तिच्याजागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपांची डिस्क, बसवा, दुसरं काही नको. सुरू व्हायला जी दोन-तीन मिनिटं लागतात ती वीस सेकंदांवर येतात. फक्त २०२५ च्या शेवटापासून एसएसडी आणि रॅमचे भाव चांगलेच चढलेत, ५०० जीबीची एसएसडी आता माझ्याकडे पाच हजारांच्या आसपास बसते. ८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरते, ती वाढवू नका.

हिशोब मांडू. पॅनल मजुरीसकट साडेसहा, एबीएच तीन, एसएसडी पाच: साडेचौदा हजार. हा खरा आकडा, साडेसहा नव्हे. आणि तो ५२ हजारांशी ताडून बघायचा नाही, ते पैसे २०१८ मध्येच गेले. पन्नास हजारांच्या नव्या लॅपटॉपशीही नाही. बघायचं असं की, याच ताकदीचं धड चालणारं यंत्र उद्या मला केवढ्याला मिळेल? कंपन्यांनी वापरून बदललेले १४ इंची बिझनेस लॅपटॉप, दहाव्या पिढीच्या आसपासचे, एसएसडीसकट बावीस-पंचवीस हजारांत येतात. त्यांचं अंग दणकट, हिंज धातूच्या चौकटीत बसवलेली. त्यांची बॅटरी मात्र कशी निघेल ते नशीब. तेव्हा साडेचौदा विरुद्ध बावीस. अंतर फार नाही, हे मी कबूल करतो. पण त्या साडेचौदातले एसएसडीचे पाच हजार बुडत नाहीत, ती उद्या दुसऱ्या लॅपटॉपात घालता येते. खरी जोखीम साडेनऊ हजारांची.

माझ्या टेबलावर आला तर मी काय करीन? टीव्हीची चाचणी स्वच्छ, हिंजचं वरचंच टोक सुटलेलं आणि बॅटरी तासभर टिकतेय, तर दुरुस्त करीन. यातलं एक जरी उलटं निघालं तर नाही करणार. बॅटरीचे अडीच हजार किंवा सी पॅनलचे चार हजार त्यात पडले की तुम्ही दुसऱ्या लॅपटॉपच्या उंबऱ्यात उभ्या आहात.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट आहे जी तुमच्या मुलाच्या लक्षात येणार नाही, कारण तो मराठीत टाइप करत नसेल. तुमच्या इतक्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठल्या फाँटमध्ये आहेत? युनिकोडमध्ये असतील तर कुठल्याही लॅपटॉपवर उघडतील. पण शाळांमध्ये अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फाँट सर्रास असतात. त्यांच्यात मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की खालची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उघडी पडतात. डिचोलीचे एक सर नवा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले होते. पाचवीचा मराठीचा पेपर उघडला तर पडद्यावर कंस, डॉलर, उलटसुलट इंग्रजी. जुना लॅपटॉप त्यांनी आदल्या आठवड्यात भंगारात दिला होता. शेवटी त्यांच्याच शाळेच्या स्टाफरूममधल्या धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपमध्ये तो फाँट सापडला. तेव्हा फायली काढताना विंडोजचं ‘फाँट्स’ नावाचं फोल्डरही कॉपी करून घ्या. टायपिंगचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याची की (पासवर्डसारखा नंबर) किंवा डोंगल (यूएसबीत खोचायची किल्ली) कुठे आहे ते आधी शोधा. हे जमत नसेल तर जुनं यंत्र जिवंत ठेवण्याला तेवढंच एक कारण पुरेसं आहे.

तिसरी वाट म्हणजे फुटकी स्क्रीन तशीच ठेवून बावीस इंची मॉनिटर जोडायचा. साडेसहा-सात हजार, म्हणजे स्क्रीनच्याच पैशांत, आणि तो पुढच्या लॅपटॉपलाही चालतो. निवृत्त लोकांना, घरूनच काम असणाऱ्यांना मी पुष्कळदा हेच सुचवतो. पावसात लाईट गेली की लॅपटॉप चालू आणि मॉनिटर काळा, एवढी तयारी ठेवावी लागते. कुणी हौसेनं झाकणच उपटून टाकू नये, वायफायच्या दोन तारा त्या झाकणात असतात. पण तुम्हाला तो शाळेत न्यायचाय, म्हणून ही वाट तुमची नाही.

दुरुस्तीचं ठरलं तर दुकानात चार गोष्टी बोलून घ्या. पॅनल जुन्याच्याच जातीचं हवं: साध्या स्क्रीनला जोडणी बहुधा ३० पिनांची असते, टच किंवा वेगवान स्क्रीनला ४० ची. १५.६ इंचातही बाजूला स्क्रूच्या पट्ट्या असलेलं आणि नसलेलं अशी दोन मापं आहेत. ‘थोडे जास्त द्या, एचडीची फुल एचडी करून देतो’ म्हणाला तर केबल बदलणार का ते विचारा. एचडीच्या केबलमध्ये पुष्कळदा एकाच लेनच्या, म्हणजे चित्र नेणाऱ्या एकाच वाटेच्या, तारा असतात, फुल एचडीला दोन लागतात. पॅनल लावायच्या आधी बॅटरी सोडवणार ना, हेही विचारा. हा प्रश्न ऐकून चांगला कारागीर हसेल, पण सुरुवातीच्या काळात घाईत मी एकदा बॅटरी लागलेली असतानाच कनेक्टर खुपसला होता. बारीकशी ठिणगी, बोर्डावरचा उजेडाचा फ्यूज उडाला, नवीकोरी स्क्रीन काळी ती काळीच. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं. तो फ्यूज तांदळाच्या कणीएवढा असतो, शोधायला मला संध्याकाळ गेली. लावून झाल्यावर स्क्रीन पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी करून दाखवायला सांगा. पांढऱ्यावर डाग आणि काळ्यावर अडकलेले ठिपके दिसतात. जुन्या लॅपटॉपातून काढलेलं पॅनल असेल तर इथेच कळतं.

पार्ट आमच्याकडे बहुतेक मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून येतात. एबीएच मागवायला दोन-तीन दिवस धरा, आणि मॉडेलचा तळावरचा पूर्ण नंबर द्या, ‘पंधरा इंची काळा’ एवढं सांगून चालत नाही. तोपर्यंत झाकण अर्धवट उघडं ठेवून टीव्हीवर काम करा. सारखं उघडमीट केलं तर हिंज आता केबललाही चावेल.

एसएसडी बसली की जुनी १ टीबी डिस्क दुकानात सोडू नका. चार-पाचशेच्या केसिंगमध्ये घालून मागा, बॅकअपसाठी ती अजून पुष्कळ चालेल. प्रश्नपत्रिका आणि ते फाँट्सचं फोल्डर तिच्यावर ठेवा, आणि केसिंगवर मार्करनं लिहून ठेवा काय आहे ते, म्हणजे पुढच्या साफसफाईत कुणी जुना चार्जर समजून फेकणार नाही.